पाठमोरे चाचा

रस्त्याने जाणाऱ्या माणसाला वाटायचं, या म्हाताऱ्याचं आणि त्याच्या माणसांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. बंगल्याच्या आवारात बायका ओळीने बसून हरळी लावताहेत, एक गडी कुदळ मारतोय, आणि मालक मात्र लिंबाखाली खुर्ची टाकून, तोंड रस्त्याकडे आणि पाठ कामाकडे करून बसलेले. डोक्यावर काळी टोपी, अंगात लांब कोट आणि दोन्ही हात मांडीखाली. ओळखीचा टांगेवाला जाता जाता "सलाम चाचा" म्हणायचा. चाचा मानेनेच सलाम घ्यायचे, कारण हात मांडीखालून काढायची त्यांची तयारी नसायची.

मी त्यांचा कारकून होतो. मॅट्रिक झालेल्या मुलाला त्या काळात नाशकात जे मिळायचं तेच मलाही मिळालं होतं, म्हणजे काही नाही. शेवटी भद्रकालीजवळच्या चाचांच्या खोलीत कुंड्या, पोती आणि बियांच्या पिशव्या यांच्यामध्ये एक मेज टाकून मी बसलो. पडद्यामागे चाचा आणि चाची राहायचे. मुंबईच्या शेठ लोकांची इंग्रजी पत्रं चाचांना समजावून सांगायची आणि उत्तरं लिहायची, एवढंच काम. पहिल्या पत्राच्या डोक्यावर मी झोकात 'गार्डन कॉन्ट्रॅक्टर' असं लिहिलं. चाचांनी ते बोट ठेवून वाचून घेतलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "भाऊ, अक्षर छान आहे. पण यात मी कुठं आहे?"

मला तेव्हा तो प्रश्न गमतीचा वाटला होता.

चाचांना आवडीनिवडी फार, आणि त्या लपवायचं त्यांना जमत नसे. गुलाबात आयुष्य गेलं, पण अंगाला अत्तर लावायचे ते वाळ्याचं. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "हलवाई घरी जाऊन पेढे खातो का?" क्रोटनवर त्यांचा भारी राग. त्या दिवसांत ज्याला त्याला दारात क्रोटन हवे असायचे, आणि चाचा ते लावूनही द्यायचे, पण माणसांना हुकूम सोडताना म्हणायचे, "त्या कोपऱ्यात चार साहेब बसवा. फूल नाही, फळ नाही, नुसता रुबाब." रोपांशी ते बोलत नसत, तसली नाटकं त्यांना खपायची नाहीत. मात्र रोपं खरेदी करायला गेले की कुंडी उचलून कानापाशी न्यायचे आणि बोटाने टिचकी मारायचे. कोरड्या मातीचा आवाज वेगळा येतो म्हणे. मीही एकदा टिचकी मारून पाहिली. मला कुंडीचाच आवाज आला.

आता हे सारं मागून आठवलं तसं सांगतोय. खरं तर आधी सांगायला हवं की चाचा मालक झाले कसे, कारण ते आपल्या खुशीने झालेच नव्हते.

तरुणपणापासून ते शरणपूरकडच्या एका वकिलांच्या बंगल्यावर माळी होते. एक बाग, एक विहीर, एक खुरपं. पुढे देवळालीला हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांचे बंगले भराभर उठू लागले. प्रत्येकाला बाग हवी, आणि नाशिकचे गुलाब तर हवेतच. वकीलसाहेबांचे पाहुणे बाग बघून जायचे आणि निरोप पाठवायचे की तुमचा माळी आठ दिवस उसना द्या. असा उसना उसना जाता जाता चाचा चार बागांचे माळी झाले, आणि चारही बागा त्यांना स्वतःच्या हाताने करायच्या होत्या. तेव्हा चाचींनी पडद्याआडून विचारलं, "एका माणसाचे हात दोन. त्यात बागा किती मावणार?" चाचींचं डोकं हिशेबी होतं. माणसं ठेवा, टोळ्या करा, पुढच्या साली कुठं बंगले उठणार ते आत्तापासून बघा, हे सगळं त्यांचं. चाचांनी ऐकलं. माणसं ठेवली. आणि माणसांची कंबख्ती सुरू झाली.

कारण माणसं दिवसभर काम करून घरी गेली की दिवेलागणीच्या आत चाचा तिथं हजर. लावलेलं रोप उपटून वीतभर अलीकडे लाव, छाटलेली फांदी पुन्हा छाट, रचलेली वीट काढून पुन्हा रच. सकाळी माणसं येऊन बघतात तर आपलं कालचं काम नाहीसं झालेलं. चाचा कोणाला टाकून बोलत नसत, त्यांच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही. पण रोज सकाळी असं बघायला लागलं तर शिवी बरी. पहिला मुकादम इगतपुरीला रेल्वेत लागला. जाताना मला म्हणाला, "भाऊसाहेब, तिथं रुळाला खिळा ठोकला की ठोकला. मागून येऊन कोणी उपटत नाही." दुसरा तर काही न सांगताच गेला.

मग हौसाबाई आली. मखमलाबादची, उंच, सावळी, कपाळ कोरं. घरच्या मळ्यात जन्म गेलेला, आणि दीर वेगळे झाल्यावर मजुरीला बाहेर पडलेली. तिच्यामागे गावातल्या आठ-दहा बायका होत्या. ती जाईल तिथं त्या जायच्या. बाईला मुकादम करू नका असं चाचांना चौघांनी सांगितलं, म्हणून त्यांनी केलं. पहिल्याच आठवड्यात तिने लावलेली गुलाबाची रांग चाचांनी संध्याकाळी सरकवली. दुसऱ्या दिवशी हौसाबाई कामाला न लागता थेट भद्रकालीच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"चाचा, मी लावलेलं तुम्ही उपटणार असाल तर आत्ताच सांगा. मंग मी घरी जाते. तुम्हीच लावा अन् तुम्हीच उपटा."

पडद्याआडून चाचींचा आवाज आला, "बरोबर बोलतेय ती." आणि त्याच दिवशी चाचींनी त्यांना गळ्याची शपथ घातली. आजपासून माती, खुरपं, फावडं, कात्री यांना हात लावायचा नाही. लावाल तर मी मेलेली दिसेन.

चाचा शपथ पाळणारे होते, पण तिच्यातून वाट काढण्यात कुठल्याही वकिलाला हार गेले नसते. पहिले काही दिवस ते छत्रीच्या टोकाने माती उकरत फिरले. शपथ हाताची होती, छत्रीची नव्हती. चाचींनी छत्री काढून घेतली. मग चाचा जोडा काढून पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून गवत उपटायला शिकले, आणि त्यात इतके तरबेज झाले की बायका काम सोडून बघत राहायच्या. ते कळल्यावर चाची म्हणाल्या, "मग आता बघायचंच नाही. कामाकडे पाठ करून बसायचं." तेव्हापासून ती खुर्ची, ती पाठ आणि मांडीखाली ते हात.

"जीव तिकडे आणि मान इकडे, भाऊ," ते मला म्हणायचे. "ही कसली मालकी? याला तर कैद म्हणतात."

मी हसायचो. पण त्यांचं दुःख खरं होतं, आणि मला ते दिसत होतं. रस्त्यावर बघत बसलेल्या त्या माणसाचे खांदे मागे कात्री वाजली की हलायचे.

अशात देवळालीचं ते मोठं काम आलं. मुंबईच्या एका पारशी शेठाणीबाईंचा नवा बंगला, मागे विहीर आणि पुढे भलं मोठं मैदान. शेठाणीबाईंना गुलाब थोडे चालणार होते, क्रोटन तर नकोच होते, यावरून चाचा त्यांच्यावर आधीच खूश होते. त्यांना हवं होतं लॉन. मुंबईला जिमखान्यात असतं तसं, सगळं एकसारखं हिरवं, आणि नाताळात पाहुणे येतील त्याआधी. शेठाणीबाईंचा देवळालीत शब्द चालायचा. हे काम नीट झालं तर त्या रस्त्यावरचे सगळे बंगले आपले, आणि बिघडलं तर एकही नाही, हे चाचींनी मला दोनदा आणि चाचांना चारदा सांगितलं.

चाचांनी हौसाबाईला जागा दाखवली. म्हणाले, "इथं सगळीकडे हरळी लाव. हिरवंगार झालं पाहिजे." तिने मान डोलवली. आणि चाचांनी एक मोठा निश्चय केला. पाठ करून बसायचंही नाही, तिकडे फिरकायचंच नाही. पाऊस उघडल्यापासून ते भद्रकालीच्या खोलीत बसून राहिले. माझ्या पत्रांत लुडबुड केली, पोती मोजली, पुन्हा मोजली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "देवळालीला माझं काम चाललंय आणि मी इथं चहा पितोय." चाची खूश होत्या. आता हा माणूस मालक झाला, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

आणि एक दिवस शेठाणीबाईंचा निरोप आला, ताबडतोब या.

आम्ही टांग्याने गेलो. फाटकातून आत शिरलो आणि चाचा जागच्या जागी थांबले. हरळी उत्तम आली होती. इतकी दाट, इतकी हिरवी की डोळे निवावेत. पण मैदान मैदान राहिलं नव्हतं. सगळ्या जागेचे चौकोनी वाफे पाडलेले, वाफ्यांना बांध, बांधांमधून पाट, आणि विहिरीवरच्या मोटेचं पाणी पाटातून येऊन एकेका वाफ्यात वळत होतं. मेथीच्या मळ्यात असतं अगदी तसं. तेवढ्यावर भागलं असतं तरी एकवेळ चाललं असतं. पण बांधांवर सगळीकडे कोथिंबीर डुलत होती.

शेठाणीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. "आ सूं छे, चाचा? मी लॉन मागितलं. हे काय आहे, भाजी मार्केट?"

हौसाबाई पदर खोचून पुढे आली. तिला वाटलं कौतुक होतंय. "चाचा, बघा कशी बसलीय हरळी. पाणी कुठं तुंबत नाय, कुठं कमी नाय."

"आणि हे?" चाचांनी कोथिंबिरीकडे बोट केलं.

"बांध मोकळा कसा ठेवायचा?" हौसाबाईला प्रश्नच कळला नाही. "आमच्यात नाय ठेवत. कोथमीर टाकली. लय झाक आलीय."

शेठाणीबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या चाचांकडे वळून म्हणाल्या, "मी वकिलांच्या बंगल्यावर तुमच्या हातचं काम पाहिलं होतं, म्हणून तुम्हाला बोलावलं. हे सगळं काढून तुम्ही स्वतः करा. तुमच्या हाताने. आणि या बाईला उद्यापासून इथं आणू नका."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी चाचांचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी त्यांना कोणी काम करा म्हणत होतं. शपथ मोडायला याहून चांगलं कारण कुठून मिळणार? चाचींनाही बोलता आलं नसतं. त्यांनी कोटाची वरची दोन बटणं काढली. भिंतीला फावडं टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्याकडे ते दोन पावलं गेलेसुद्धा.

हौसाबाईने खोचलेला पदर सोडला. मागे तिच्या बायका खुरपी हातात धरून उभ्या राहिल्या. चाचांनी ते फावडं उचललं असतं तर ती टोळी तशीच फाटकातून बाहेर पडली असती आणि पुन्हा आली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. चार दिवसांत बातमी सगळीकडे गेली असती आणि कोणी शहाणा माणूस चाचांकडे कामाला राहिला नसता. चाचा पुन्हा एका बागेचे माळी झाले असते. आणि त्यांना ते आवडलंही असतं. धंदा मोडला असता आणि माणूस सुखी झाला असता. त्या बायकांच्या चुली मात्र कोणाच्या हाताने पेटणार होत्या, ते कोणी सांगितलं नसतं.

फावड्याशी पोचल्यावर चाचा थांबले आणि मागे वळून म्हणाले, "हौसाबाई, तू लॉन कधी बघितलंयस का?"

"नाय."

"मग मी तुला काय सांगितलं होतं?"

"हरळी लाव म्हणले. हिरवंगार झालं पायजे म्हणले. हाय की हिरवंगार."

चाचांनी काढलेली बटणं पुन्हा लावली. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं. शेठाणीबाईंना ते म्हणाले, "बाईसाहेब, चूक तिची नाही. तिनं जे बघितलं तेच केलं. मी पाठ फिरवून बसलो होतो, ते ठीक. पण मी तोंडही मिटून बसलो. नाताळच्या आत तुमचं लॉन होईल. पण करणार हीच. ही नको असेल तर आम्हीही नको."

शेठाणीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाताळच्या आत," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी सगळ्या टोळीला चालवत छावणीकडे नेलं. तिथं साहेब लोकांचं खेळायचं मैदान होतं. आत सोडणार कोण? मेंदीच्या कुंपणावरून टाचा उंचावून बायका बघू लागल्या. समोर नुसतं हिरवं. दोन साहेब आणि एक कुत्रं.

हौसाबाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "एवढं गवत, अन् एक बी म्हैस नाय?"

"नाही."

"मंग कापून कुठं नेत्यात?"

"फेकतात."

"फेकत्यात!" तिने बायकांकडे पाहिलं. "अन् हे कशासाठी?"

"बघण्यासाठी."

"नुसतं?"

"नुसतं."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चाचाही हसले, मीही हसलो. कुंपणापलीकडचा शिपाई ओरडला तेव्हा आम्ही तिथून निघालो. हौसाबाई मात्र हसत नव्हती. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, "म्हंजे पाणी जातंय पण दिसायचं नाय, असं पायजे."

"शाबास," चाचा म्हणाले.

आणि मग जे चाललं ते मी विसरणार नाही. चाचांनी खुर्ची फिरवली. आता ते कामाकडे तोंड करून बसायला लागले, आणि चाचींनी त्याला हरकत घेतली नाही. पण पाठ करून बसणं त्यामानाने सोपं होतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. जमीन विहिरीपासून रस्त्यापर्यंत हलकेच उतरती हवी होती, आणि ती किती उतरती हे चाचांच्या हातांना ठाऊक होतं. तोंडाला ठाऊक नव्हतं. "थोडं असं... नाही, असं..." म्हणत ते हवेत हात फिरवायचे. हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "चाचा, हातवारे नका करू. तोंडानं सांगा."

एवढ्या वयाचा माणूस बोलायला शिकत होता. अडखळायचे, चिडायचे, उठून दोन पावलं जायचे आणि परत येऊन बसायचे. एका दुपारी मैदानाच्या मधोमध पाणी थबकत होतं. चाचांनी बघितलं, मला दिसलं की त्यांनी बघितलं. जुने चाचा असते तर संध्याकाळी येऊन गुपचूप माती ओढून गेले असते. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सावकाश म्हणाले, "हौसाबाई, पाणी पुढं जाण्याआधी जिथं घुटमळतंय ना, तिथं दोन पाट्या माती घाल." तिने वाकून पाहिलं. "खरंच की वो," ती म्हणाली, आणि घातली. चाचांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

बांध मोडले. वाफ्यांतली हरळी मातीसकट ढेपांनी कापून नव्या जमिनीवर शेजारी शेजारी बसवली. पाट गेला मेंदीच्या कुंपणामागे, आणि तिथून जागोजागी तोंडं काढून पाणी आत सोडलं की ते गवताखालून निघून जायचं, कोणाला पत्ता लागायचा नाही. ती तोंडं काढायची कल्पना हौसाबाईची होती. कोथिंबीर स्वयंपाकघरामागे हलवली, आणि शेठाणीबाईंच्या आचाऱ्याने तिची जी मनधरणी केली ती पाहता तिथंच आमचं कंत्राट पक्कं झालं असं मला वाटतं.

शेवटची ढेप बसली त्याच दुपारी शेठाणीबाई मुंबईहून आल्या. चपला काढून गवतावर चालल्या. ढेपांचे सांधे अजून बुजले नव्हते, काही ठिकाणी पिवळट होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन त्या परत आल्या.

"चालशे," त्या म्हणाल्या. मग हौसाबाईकडे बघून म्हणाल्या, "तू दर महिन्याला यायचं. दुसरं कोणी नको."

त्या आत गेल्यावर बायकांनी एकच कालवा केला. मग सगळ्याजणी विहिरीजवळच्या पाटावर हातपाय धुवायला बसल्या. आयुष्यभराच्या सवयीने चाचाही त्यांच्यामागोमाग गेले, बाह्या वर केल्या, वाकले, आणि हात पाण्यावर तसेच राहिले. हात स्वच्छ होते. नखांतसुद्धा माती नव्हती. धुण्यासारखं काहीच नव्हतं. ते तसेच वाकून आपल्या हातांकडे बघत राहिले, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी दुसरीकडे पाहू लागलो.

हौसाबाईने ते पाहिलं होतं. तिने आपल्या फावड्याला चिकटलेला ओल्या मातीचा गोळा काढला आणि चाचांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवला.

"अगं, शपथ आहे मला," चाचा म्हणाले.

"मी दिलीय ती माती. तुम्ही कुठं हात लावला? धुवा आता."

चाचांनी तो गोळा दोन्ही हातांत चांगला कुस्करला, अगदी मनगटापर्यंत चोळला. मग हात पाण्यात घातले आणि एकेक बोट वेगळं धरून सावकाश धुवायला लागले. टांगेवाला फाटकात खोळंबला होता, उन्हं उतरत होती. कोणीही त्यांना घाई केली नाही.